तीनशे पंचवीस कुणी ठरवले?

“आता उघडतोच आहोत, तर थोडा मोठाच टाकून घेऊ या का?”

हे वाक्य कुणी घराच्या दुरुस्तीबद्दल बोललं असतं तर माझं लक्षही गेलं नसतं. भिंत फोडतोच आहोत तर खिडकी मोठी करून घेऊ, असं आपण सगळेच म्हणतो. पण हे मी ऐकलं ते २०२५ च्या पावसाळ्यात, एका प्लास्टिक सर्जनच्या खोलीत. विषय होता माझ्या भाचीचा डावा स्तन. आणि डॉक्टर हे बोलले ते भाचीकडे बघून नव्हे, तर तिच्या शेजारी बसलेल्या जावईबापूंकडे बघून.

जावई गोंधळले. “तुम्हाला योग्य वाटेल तसं, डॉक्टर” असं काहीतरी पुटपुटले. वाईट माणूस नाही हो तो. तेरा वर्षांपूर्वी तिच्या केमोच्या वेळी याच माणसाने रात्र रात्र जागून तिच्या उशाशी पातेलं धरलेलं मी पाहिलं आहे. पण त्याला प्रश्न विचारला गेला आणि त्याने उत्तर दिलं. ‘हा प्रश्न मला कशाला विचारताय?’ हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. मी मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आणि भाची? बँकेत अधिकारी आहे, दुसऱ्यांच्या लाखांच्या कर्जप्रकरणांवर रोज सह्या करते. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

त्या दिवशी बोलले नाही म्हणून आता लिहिते आहे. (भाचीने परवानगी दिली आहे. “लिही मावशी, फक्त नाव नको, आणि उगाच रडकं नको.” दोन्ही पाळायचा प्रयत्न करते.)

आधी शब्दाबद्दल. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शब्दांची लाज वाटू नये, असं मुलींना सांगितलं, आणि स्वतः मात्र ‘स्तन’ हा शब्द वर्गात कधी उच्चारला नाही. कवितेत आला तर ‘वक्षस्थळ’ म्हणून पुढे गेले. आपल्याकडे बाळसुद्धा ‘अंगावर’ पितं. अंगावर म्हणजे नेमकं कुठे, ते सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही. माझ्या आईच्या मैत्रिणीला गाठ झाली तेव्हा ती सहा महिने ‘इथे’ दुखतंय असं म्हणत होती, आणि ‘इथे’ म्हणताना हात खांद्यावर ठेवत होती. जी गोष्ट नावाने बोलता येत नाही, तिचं माप काय बोलणार? मग माप दुसरं कुणीतरी घेतं.

आठवा, आमच्या तरुणपणी ब्रा कशी विकत घ्यायचो ते. तालुक्याच्या गावी होजियरीचं एक दुकान, गल्ल्याच्या पलीकडे मिशीवाला शेटजी. आपण खाली बघत म्हणायचं, “ती... द्या ना.” तो एक नजर टाकून म्हणायचा, “चौतीस?” आपण मान हलवायची. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी पिशवीत तळाशी, भाजीच्या खाली. बत्तीस असो की छत्तीस, शेटजीने चौतीस म्हटलं की आपण चौतीस. वर्षानुवर्षं खांद्यांवर वळ पडले आणि ते वळ बाईच्या जन्मासोबत येतात असं आम्ही समजत राहिलो. डॉक्टरांच्या त्या खोलीत मला ते दुकान आठवलं. गल्ला काचेचा होता आणि एसी चालू होता, एवढाच फरक.

आता मूळ हकिगत.

२०१२ साली भाचीच्या डाव्या बाजूला कर्करोग निघाला. स्तन काढावा लागला. रेडिएशनची गरज पडली नाही, केमो झाली, मग पाच वर्षं गोळ्या. स्तन काढतानाच कातडी आणि स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवली होती, तिला एक्स्पांडर म्हणतात. दर पंधरवड्याला जायचं, डॉक्टर कातडीवरून सुई टोचून त्यात सलाइन भरणार, कातडी हळूहळू ताणली जाणार, आणि पुरेशी जागा झाली की ती पिशवी काढून तिच्या जागी कायमचा सिलिकॉनचा इम्प्लांट. आता बघा, ही पद्धत अशी आहे की माप ठरवण्याची संधी बाईला एकदा नाही, पाच-सहा वेळा मिळते. प्रत्येक खेपेला ती म्हणू शकते, “पुरे, मला एवढंच हवं.” पण असं म्हणता येतं हे तिला कुणीतरी सांगायला हवं ना! तिला सांगितलं गेलं, “अजून एक खेप, जरा भरीव दिसेल.” ती तेव्हा अडतीस वर्षांची, सडपातळ, उजवी बाजू लहानखुरी. डावीकडे त्यापेक्षा बरंच मोठं झालं. पट्ट्या सुटल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, “मावशी, हे माझं वाटत नाही गं. एकीकडे कुणाचं तरी दुसऱ्याचंच आहे.”

त्यावर मी काय म्हणाले ते लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. मी म्हणाले, “देवाने जीव वाचवला, आता आकाराचं काय घेऊन बसलीस?”

झालं. त्यानंतर तिने हा विषय माझ्याकडे काढला नाही. कुणाकडेच काढला नाही. उजवीकडे स्पंजचा पॅड लावायची, ओढणी नेहमी एकाच खांद्यावरून घ्यायची. लग्नाकार्यात फोटो काढताना डावी बाजू कुणाच्या तरी मागे जाईल अशी उभी राहायची. अल्बम काढून बघितले तर दिसतं. मी गेल्या वर्षात पहिल्यांदा त्या नजरेने बघितले.

आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की आपला पिशवीत कोंडलेला आकडा किती, हे तिला सात वर्षं माहीतच नव्हतं. २०१९ साली एका अमेरिकन कंपनीने आपले खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्या प्रकारच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध दिसला होता. बातमी वाचून हिची झोप उडाली. आपला कुठल्या कंपनीचा? खरखरीत की गुळगुळीत? प्रत्येक इम्प्लांटबरोबर कंपनीचं स्टिकर येतं, त्यावर जात, माप, क्रमांक सगळं असतं. एक स्टिकर रुग्णालयाच्या फाइलला लागतं आणि एक कार्डावर रुग्णाला द्यायचं असतं. हिच्या हातात कार्ड कधी आलंच नव्हतं. दोन दिवस शोधाशोध केल्यावर ताईच्या (म्हणजे तिच्या आईच्या) कपाटात, केमोच्या बिलांच्या गठ्ठ्यात, डिस्चार्ज कागदाच्या मागे चिकटवलेलं स्टिकर सापडलं. गुळगुळीत होता, सुटलो. आणि त्या स्टिकरवर लिहिलेलं होतं, ३२५ सीसी. तिने मला फोन केला. “मावशी, मी तीनशे पंचवीस आहे.” एवढंच म्हणाली. तीनशे पंचवीस कुणी ठरवले, हे ना तिला ठाऊक ना नवऱ्याला. कागदोपत्री कुठेही नाही.

आता जरा समजावून सांगते, कारण हे सगळं मलाही सत्तरी ओलांडल्यावरच कळलं.

शरीरात काहीही परकं बसवलं की शरीर त्याच्याभोवती व्रणाच्या ऊतीचं एक पातळ आवरण विणतं. त्याला कॅप्सूल म्हणतात आणि ते प्रत्येकीलाच होतं. काहींच्या बाबतीत मात्र हे आवरण आवळत जातं, इम्प्लांट चेपला जातो, घट्ट होतो, वर सरकतो. त्याच्या चार पायऱ्या डॉक्टरांनी ठरवलेल्या आहेत. पहिलीत काही कळत नाही, चौथीत हाताला टणक लागतं, आकार बिघडतो आणि दुखतं. भाचीची चौथी. डाव्या कुशीवर झोपणं बंद. नातवाला (तिच्या नणंदेचा नातू) उचलून छातीशी धरलं की कळ. म्हणून पुन्हा ऑपरेशन: आवळलेलं आवरण काढायचं, जुना इम्प्लांट काढायचा, नवा बसवायचा. याला रिव्हिजन म्हणतात. अमेरिकेचं औषध प्रशासन स्पष्ट सांगतं की हे इम्प्लांट आयुष्यभराचे नसतात. जितकी वर्षं जास्त, तितकी पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. हे २०१२ साली तिला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

शिवाय या तेरा वर्षांत गोळ्यांनी आणि वयाने तिचं वजन आठ-नऊ किलो वाढलं. उजवी बाजू भरली आणि उतरली, जशी आपल्या सगळ्यांची उतरते. डावीकडचा सिलिकॉन अडतीसचा तो अडतीसचाच! तो जाडही होत नाही, बारीकही होत नाही आणि म्हातारा तर नाहीच होत. म्हणजे आधी डावं मोठं होतं म्हणून उजवीकडे पॅड, आणि आता डावं वर आणि उजवं खाली म्हणून ओढणी. माप हे एकदा ठरवून मोकळं होण्याचं प्रकरण नाही, ते इथे कळतं.

सीसी म्हणजे काय? घनफळ. सिलिकॉनच्या जेलचं वजन जवळपास पाण्याइतकंच, म्हणून ३०० सीसी म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. ब्राच्या ए-बी-सी कपशी त्याचा थेट संबंध नसतो. कप हा घेरावर अवलंबून असतो आणि दर कंपनीचा वेगळा. सर्जन मंडळी खरं तर आधी घनफळ बघतच नाहीत, छातीची रुंदी मोजतात. त्या रुंदीत बसेल असा तळ निवडायचा, मग त्याच तळावर कमी उठावाचा घ्यायचा की जास्त उठावाचा, त्यावर सीसी ठरतात. एकाच रुंदीची पातेली असतात ना, एक पसरट, एक उंच, तसं.

मग ‘थोडा मोठा’ का? याला एक खरं कारणही आहे, ते सांगितलं नाही तर माझा लेख खोटा ठरेल. आवरण काढल्यावर आतली जागा मोठी होते आणि कातडी सैल पडते. मोठा इम्प्लांट टाकला की ती भरून निघते, काम सोपं होतं. पण त्याची किंमत असते. जिचा स्तन काढलेला आहे तिच्या इम्प्लांटवर पांघरूण म्हणून असतं काय? कातडी आणि पातळ स्नायू. आवरण काढल्यावर तेही आणखी पातळ. त्यावर चारशे ग्रॅम टांगले तर ते कातडीला खाली ओढणार, कडा हाताला लागणार, पाण्याच्या पिशवीला पडतात तशा सुरकुत्या वरून दिसणार. आणि पुढच्या वेळी (पुढची वेळ येणार हे धरूनच चालायचं) सर्जनच्या हाताशी कातडी आणखी कमी उरणार. म्हणजे पन्नाशीत घेतलेला ‘थोडा मोठा’ साठी-पासष्टीत फेडावा लागणार. भाची कर्जाच्या व्यवहारातली. हे तिला चटकन कळलं असतं. कुणी सांगितलं असतं तर!

या धंद्याची सुरुवातच मुळी अशी आहे. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी नावाची बाई, सहा मुलांची आई, छातीवर गोंदवलेलं काढून घ्यायला रुग्णालयात गेली होती. तिथे क्रोनिन आणि जेरो हे दोन डॉक्टर सिलिकॉनच्या स्तनाची जुळवाजुळव करत होते. जेरोला म्हणे रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबल्यावर ही कल्पना सुचली. आधी एका कुत्रीवर प्रयोग केला, मग माणूस हवा होता. त्यांनी या बाईला विचारलं, इम्प्लांट बसवून घेतेस का? तिला हवं होतं ते निराळंच, तिला पुढे आलेले कान मागे करून हवे होते! ठीक, कानही करून देऊ, असं ठरलं. जगातली पहिली बाई ही अशी. मागितलं काय होतं आणि मिळालं काय. त्यानंतर १९९२ साली अमेरिकेने सुरक्षेच्या शंकेवरून सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले, २००६ साली ते उठवले. फ्रान्समध्ये पीआयपी नावाच्या कंपनीने औद्योगिक दर्जाचं स्वस्त सिलिकॉन भरून इम्प्लांट विकले, ते २०१० साली उघडकीला आलं आणि २०१३ साली मालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. २०२१ साली अमेरिकेने नियम केला की इम्प्लांट बसवण्याआधी बाईसमोर एक यादी ठेवायची, धोके मुद्द्यामुद्द्याने वाचू द्यायचे आणि तिला खुणेची अक्षरं घालायला लावायची. साठ वर्षं लागली, ‘आधी तिला सांगा’ एवढं कागदावर यायला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण मला भांडायचं आहे ते एकट्या डॉक्टरांशी नाही.

ताईला रिव्हिजनचं कळल्यावर ती म्हणाली, “एकावन्नाव्या वर्षी आता कोणाला दाखवायचंय? काढून टाक आणि मोकळी हो.” ऐकायला हे डॉक्टरांच्या वाक्याच्या अगदी उलट. पण नीट बघा, दोन्ही वाक्यं एकाच घरातली आहेत. एकाला वाटतं स्तन बघणाऱ्यासाठी असतो, म्हणून मोठा टाका. दुसरीलाही वाटतं स्तन बघणाऱ्यासाठी असतो, आता बघणारं कोण आहे, म्हणून काढा. जिच्या अंगावर तो आहे, जी त्याला घेऊन झोपते, बस पकडते, वाकून केर काढते, तिचा विचार दोघांच्याही हिशेबात नाही. आणि माझं २०१२ चं वाक्य? तेही त्याच घरातलं.

एक मात्र खरं, ‘काढून टाकणे’ हा पर्याय टेबलावर असायलाच हवा. सल्ला म्हणून नव्हे, पर्याय म्हणून. डॉक्टरांनी त्या दिवशी जी मापं काढली त्यात साडेतीनशे होतं, चारशे होतं, शून्य नव्हतं. शून्य हेही माप आहे. इम्प्लांट काढून छाती नीट सपाट शिवून देता येते. अनेक जणी तसं करतात आणि वाटलं तर ब्रामध्ये बाहेरून सिलिकॉनचा किंवा सुती धाग्याने विणलेला स्तन घालतात, नाही वाटलं तर घालत नाहीत. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचा स्तन १९७८ साली काढला. कृत्रिम स्तन न घालता ती तपासणीला गेली तेव्हा तिथल्या नर्सने तिला सुनावलं की असं आल्याने दवाखान्यातल्या इतरांचं मनोधैर्य खचतं! तिने ते १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. म्हणजे शून्य निवडणारीलाही कुणी सुखाने निवडू देत नाही. मला विचाराल तर माझ्या चौऱ्याहत्तरीत मी शून्यच निवडेन. पण छाती माझी नाही.

‘हे सगळे सौंदर्याचे चोचले’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. २०१८ साली चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात स्तनांच्या अशा शस्त्रक्रिया मोफत सुरू झाल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! गरिबांच्या पैशातून असले थेर? अतिशय जड स्तनांनी पाठ मोडलेली धुणीभांडी करणारी बाई कधी बघितली आहे का या मंडळींनी? आणि आपल्याकडच्या आरोग्यविम्याचा नियम तर बघा: दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळत नाहीत, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या बंदीतून स्पष्ट वगळलेली आहे. विमा नियामकांनी २०१९ साली ठरवलेल्या मजकुरातच ते आहे. (पॉलिसी काढून वाचा. आमच्या जावयांनी वाचली नव्हती. ‘प्लास्टिक सर्जरी म्हणजे मिळत नाहीत’ असं गृहीत धरून मुदतठेव मोडायला निघाले होते.) विमा कंपनीलाही जे कळतं ते आपल्या बैठकीच्या खोलीत कळू नये?

त्या रात्री घरी आल्यावर भाची बऱ्याच वेळाने म्हणाली, “चारशे म्हणजे किती असतं गं?” तेरा वर्षांनी तिने हा विषय माझ्याकडे काढला होता. या वेळी मी देवाचं नाव काढलं नाही. म्हटलं, “बघू या की.”

बायका घरच्या घरी तांदळाने माप घेतात असं तिने कुठेसं वाचलं होतं. जुने पातळ मोजे आणले, मापाचा पेला घेतला, कोलमचा डबा काढला. २००, २६०, ३२५, ४०० अशा चार पुरचुंड्या बांधल्या. डावीकडे आत इम्प्लांट असल्याने घालून बघण्याचा प्रश्न नव्हता. मग उजवीकडे नीट बसणारी ब्रा काढून तिची वाटी उलटी धरली आणि मोज्यात तांदूळ घालत गेलो, वाटी भरेपर्यंत. दोनशे ऐंशी-नव्वदच्या आसपास भरली. चारशेची पुरचुंडी तिने ओढणीत बांधून गळ्यात अडकवली आणि तशीच भांडी आवरली, ओटा पुसला, जिना उतरून खाली कचरा टाकून आली. तांदूळ सिलिकॉनपेक्षा हलका, म्हणजे खरं वजन याहून जास्तच. परत आली ती धापा टाकत आणि हसत. “मावशी, हे म्हणजे चालत्या गाडीला नांगर!” आम्ही दोघी स्वयंपाकघरात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. जावई दारात येऊन उभे राहिले, टेबलावरचे मोजे बघितले आणि काही न विचारता परत गेले. मग पाच मिनिटांनी येऊन खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मला पण सांगा.”

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. तांदूळ पसरतो, जेल तसं पसरत नाही, आणि आत बसल्यावरचा आकार बाहेरून कळत नाही. पण ‘चारशे’ हा जो आकडा डॉक्टरांच्या तोंडात होता तो तिच्या हातात आला. माझ्या लेखी तेवढं पुरे.

दुसऱ्या भेटीला ती पुढच्या खुर्चीवर बसली आणि जावई मागे, माझ्या शेजारी. तिने वहीत प्रश्न लिहून नेले होते. माझी रुंदी किती? जुना किती उठावाचा होता? मोठ्या मापाने कातडी किती पातळ होईल? लहान घेतला तर सैल कातडीचं काय करणार? उजव्या बाजूला हात लावायचा नसेल तर किती जुळेल? काहीच बसवलं नाही तर कसं दिसेल, फोटो आहेत का? आणि सांगायला हवं, डॉक्टरांनी पाऊण तास दिला. साधनाने रुंदी मोजली, जुन्या व्रणावरूनच जादा कातडी कमी करता येईल असं सांगितलं, उजवीकडे उचलून शिवलं तर जास्त जुळेल पण निरोगी बाजूवर व्रण येतील हेही सांगितलं. सपाट शिवणीचे फोटो दाखवले. तिने ते शांतपणे, एकेक करून बघितले आणि म्हणाली, “हे नको. पण बघायला मिळालं ते बरं झालं.” एवढं सगळं त्या माणसाला पहिल्या दिवशीही माहीत होतं. त्याने विचारलं चुकीच्या खुर्चीला, आणि योग्य खुर्चीवरून कुणी विचारलं नाही.

नेमका आकडा आधी सांगता येत नाही, आवरण काढल्यावर आतली जागा बघून, तात्पुरती मापं ठेवून बघून ठरवावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. हे पटण्यासारखं आहे. तेव्हा ती म्हणाली, “मग वरची मर्यादा मी लिहून देते.” संमतिपत्रावर, छापील मजकुराच्या खाली, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तीनशेच्या वर नको, उजव्या बाजूला हात लावू नये. खाली सही. कर्जप्रकरणावर करते तशीच, ठसठशीत.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. दुखणं गेलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत, उजवी थोडी खाली आहे, आणि तिला ते चालतं. डाव्या कुशीवर झोपते. या खेपेला कार्ड मागून घेतलं, २७५ लिहिलेलं. ते तिच्या पर्समध्ये असतं, एक झेरॉक्स माझ्या कपाटात आणि एक ताईकडे.

ताईने चष्मा लावून ती झेरॉक्स दोनदा वाचली. मग इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून मला विचारलं, “दोनशे पंचाहत्तर म्हणजे किती गं?”

मी उठून तिच्याच स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा काढला.